विणीवर भुललो

यंत्रमागाच्या घरात वाढलो. जेकार्ड चादरीची उलटी बाजू बघून माल कसा आहे ते सांगू शकतो. आणि फसलो ते विणीवरच.

पोरगी कनोइंग करते. एका गुडघ्यावर बसून एकाच पात्याच्या पॅडलनं बोट ओढायची, शर्यतीत मिनिटाला साठ-सत्तर वेळा हात फिरतो. लाकडी पॅडल जड पडतं, कार्बन फायबरचं बघा, असं तिचे सर म्हणाले. परदेशी पॅडल परवडणारं नव्हतं. तेवढ्यात एमआयडीसीतल्या एकाचा पत्ता मिळाला, ड्रोनचे सांगाडे बनवतो म्हणे. त्यानं पोरीची उंची, मुठीची पकड, सगळं मापून घेतलं आणि व्हॉट्सॲपवर लिहून दिलं: वजन 450 ग्रॅम. ठरले 16,500, त्यातले 10,000 आधी. नमुन्याचा एक तुकडा हातात ठेवला, काळं ट्विल, म्हणजे तिरप्या विणीचं कार्बन कापड, काठाला सुटलेले धागे. तो तुकडा अस्सल होता. तिथंच गळाला लागलो.

पक्कं बिल मागितलं तर, "जीएसटी वाढेल की ओ काका!" मीही गप्प बसलो. पैसे वाचवायचा मोह, दुसरं काय.

पंधरा दिवसांचे अडीच महिने झाले. कधी पावसाळी हवेनं रेझिन, म्हणजे धागे धरून ठेवणारा चिकट रस, वाळेना, कधी ओव्हन बिघडलेला. शेवटी चकचकीत पॅडल मिळालं, उरलेले पैसे देऊन घरी आणलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवलं तर 790 ग्रॅम. फोन केला. म्हणाला, काटा चुकीचा असेल.

चौथ्या दिवशी पात्याच्या मानेजवळ काळा पापुद्रा उचलला. खाली पिवळट फायबरग्लास, म्हणजे काचेचे धागे. वर गाड्यांना चिकटवतात तसली कार्बनची छापील फिल्म आणि त्यावर लॅकर. इलेक्ट्रिशियन मित्रानं मल्टिमीटर लावला. कार्बनमधून वीज जाते, काचेच्या धाग्यातून जात नाही. मात्र रेझिन वीज अडवतं, म्हणून आधी पृष्ठभाग जरा खरवडावा लागतो. आम्ही खरवडून, जागा बदलून चार वेळा बघितलं, मीटर ढिम्म.

खरं तर मीटरचीही गरज नव्हती. खरं कार्बन कापड उजेडात तिरपं धरलं की ताण्याचे धागे चमकतात तेव्हा बाण्याचे काळे पडतात, जरा फिरवलं की उलट. माझं पॅडल कसंही धरलं तरी एकसारखंच चमकत होतं. चादरवाल्याच्या पोराला हे दिसू नये! नमुना बघितलेला, त्यामुळे माल बघायचं सुचलंच नाही. शेवटचे पैसे द्यायच्या आधी काटा मागितला असता तरी 6,500 वाचले असते.

आता त्यानं माझा नंबर ब्लॉक केलाय. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. बिल नाही, पण यूपीआयच्या नोंदी आणि तो 450 ग्रॅमचा मेसेज आहे.

पोरगी पुन्हा कॅम्पातल्या जुन्या लाकडी पॅडलवर आलीय. परवा तेही काट्यावर ठेवलं. 710 ग्रॅम.