हाताने फिरवायचे वांकेल इंजिन: चाके अचूक, पट्ट्या नावापुरत्या

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी चालणाऱ्या डिझेल मेकॅनिकच्या वर्गासाठी वांकेल रोटरी इंजिनाची, हाताने फिरवायची कापीव प्रतिकृती मागवली होती. विहिरीवरचे ऑइल इंजिन खोलून पाहिलेल्या मुलांना पिस्टनच नसलेले इंजिन फळ्यावरच्या आकृतीने पटत नाही. तेथे ही प्रतिकृती उपयोगी पडते, आणि विजेवर चालत नसल्यामुळे भारनियमनातही तास बुडत नाही.

तिचा उत्तम भाग म्हणजे दातेरी चाके. पिस्टनऐवजी फिरणाऱ्या तिकोनी भागाच्या, म्हणजे रोटरच्या, आतील चाकाचे आणि झाकणाला पक्के बसवलेल्या चाकाचे दाते ३:२ या प्रमाणात असल्याने हँडलचे, म्हणजेच त्याला जोडलेल्या मुख्य दांड्याचे, तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एकच फेरा पूर्ण होतो, आणि खुणेचा लाल ठिपका नेमका मूळ जागी येतो. रोटरच्या तिन्ही बाजूंवर एकाच वेळी कामाचे वेगवेगळे टप्पे चालू असतात, म्हणून दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट मिळतो; चार स्ट्रोकच्या ऑइल इंजिनात त्यासाठी क्रँकचे दोन फेरे लागतात. व्हॉल्व्ह नाहीत, कनेक्टिंग रॉड नाही, हे पारदर्शक झाकणातून विद्यार्थी स्वतःच ओळखतात.

निराशा होते ती रोटरच्या टोकांवरील पट्ट्यांमुळे. खऱ्या इंजिनात त्या सुट्या असतात व वायू निसटू नये म्हणून मागच्या स्प्रिंगमुळे इंजिनाच्या आतल्या भिंतीला चिकटून राहतात. येथे त्या रोटरच्याच साच्यात ओतल्या आहेत. फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरचे पहिले इंजिन एनएसयू या जर्मन कंपनीत १९५७ मध्ये चालले, पण पुढे खरा कस लागला तो याच पट्ट्यांचा. त्या थरथरून भिंतीवर चरे पाडीत, आणि माझदा या जपानी कंपनीच्या अभियंत्यांनी हा दोष आटोक्यात आणल्यावर १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही मोटार विक्रीस आली. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की इंजिन धूर ओकते, हे जाणणाऱ्या मुलांनी पहिला प्रश्न पट्ट्यांचाच विचारला, आणि प्रतिकृतीत दाखवण्यासारखे काहीच नव्हते.

वांकेल इंजिनात ज्वलनाची जागा लांबट आणि चपटी असल्यामुळे उष्णता वाया जाते व इंधन जास्त लागते. म्हणूनच माझदा प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग देत असे. प्रतिकृतीत प्लगचे छिद्र एकच आहे. माहितीपत्रक जर्मनी-जपानवर थांबते. निशांत या मानवरहित विमानासाठी आपल्याकडे बनलेल्या ५५ अश्वशक्तीच्या वांकेल इंजिनाचा, ज्यात नगरच्या संरक्षण संशोधन संस्थेचा वाटा होता, त्यात उल्लेखही नाही.

फिरण्याची रीत शिकवायची असेल तर प्रतिकृती जरूर घ्यावी. विक्रेत्याने मात्र स्प्रिंगसह सुट्या पट्ट्या आणि त्या बसतील असा खाचांचा रोटर, जादा पैसे घेऊन का होईना, उपलब्ध करून द्यावा.