बिलाचे नंबर सलग होते, म्हणूनच चोरी दिसली नाही

नाशिकच्या भांडीबाजारात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, वडिलांच्या काळापासूनचं. बिलिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लहान दुकानदारांनी हे जरूर वाचावं. माझ्या दुकानात चौदा महिने चोरी चालली होती आणि ती लपली होती बिलाच्या नंबरात. दुकानात माझा सगळ्यात जास्त भरवसा त्या नंबरावरच होता.

मार्गशीर्षात पंचवटीतल्या एक ताई तांब्याचा हंडा परत घेऊन आल्या. तळाच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. हंड्यावर लेकीचं नाव आणि वास्तुशांतीची तारीख घातलेली, बिलही जपून ठेवलेलं. नंबर ४१२७. बदलून द्यावा म्हणून मी संगणकात ४१२७ काढला, तर समोर स्टीलचे दोन डबे, ३४० रुपये. तारीख तीच, वेळ अकरा मिनिटं पुढची.

"ताई, दुसरंच बिल आणलंय का?"

"नाही हो दादा, तुमचंच आहे. हे बघा, वर दुकानाचं नाव छापलंय."

खरंच आमचंच होतं. एकाच नंबराची दोन बिलं, आणि हंड्याच्या ३,८५० रुपयांचा संगणकात मागमूस नाही.

वडिलांच्या वेळी छापील बिलबुक असायचं. नंबर छापखान्यातूनच यायचे, खाली कार्बन. बिल चुकलं तर दोन्ही प्रतींवर काट मारायची आणि पान बुकातच ठेवायचं. पान फाडलं की नंबर तुटलेला लगेच दिसायचा. जीएसटीच्या नियम ४६ मध्येही तेच तत्त्व आहे: बिलाला सलग अनुक्रमांक हवा, तो जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, त्याच्या तक्ता १३ मध्ये कुठल्या नंबरापासून कुठल्या नंबरापर्यंत बिलं फाडली, त्यातली रद्द किती, हे भरावं लागतं. आमचे सीए दर वेळी विचारायचे आणि मी छातीठोकपणे सांगायचो, एकही नंबर तुटलेला नाही, रद्द शून्य. तेव्हाच शंका यायला हवी होती. वर्षभर रोज बिलं करणाऱ्या दुकानात एकही बिल रद्द होत नाही, हे शक्य तरी आहे का?

माझा भाचा सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याने रविवारी दुकानात बसून सगळं उलगडून दाखवलं. आमचा प्रोग्राम नवं बिल करताना साठवलेल्या बिलांतला सगळ्यात मोठा नंबर बघायचा आणि त्यात एक मिळवायचा, बस. म्हणजे ४१२७ चं बिल छापून गिऱ्हाइकाच्या हातात दिलं, पैसे घेतले आणि मग ते बिल डिलीट केलं, की सगळ्यात मोठा नंबर पुन्हा ४१२६. पुढच्या गिऱ्हाइकाला परत ४१२७. रांग जशीच्या तशी सलग. हंड्याची नोंदही स्टॉकमध्ये आपोआप परत यायची. वर्षाअखेरीच्या मोजणीत तूट निघाली की मी समजायचो, मोडीत घेतल्या-दिल्याच्या नोंदी राहिल्या असतील.

काउंटरवरच्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. मधलं बिल डिलीट केलं तर नंबरांत भोक पडतं, म्हणून पुढचं गिऱ्हाईक यायच्या आत शेवटचंच बिल डिलीट करायचं. त्यासाठी दुपारची दोन ते चारची सामसूम सोयीची. धनत्रयोदशीच्या गर्दीत त्याने एकदाही हात लावला नाही. यूपीआयचे पैसे थेट बँकेत येतात, म्हणून ती बिलंही शाबूत. फक्त रोखीचीच जायची. रात्री गल्ला मोजला की रुपयाचाही फरक नसायचा आणि मी त्याचं कौतुक करायचो. डिलीटचा पासवर्ड मीच दिला होता, आईच्या आजारपणात दुकानाबाहेर होतो तेव्हा. नंतर तो बदलायचं राहून गेलं.

पुरावा दोन ठिकाणी सापडला. पहिला संगणकातच. बिलावर छापतो त्या नंबराशिवाय प्रत्येक नोंदीला आत आणखी एक क्रमांक असतो, आमच्या प्रोग्राममध्ये तो आपोआप वाढतो आणि डिलीट केलं तरी मागे येत नाही. त्यात २१३ जागा रिकाम्या निघाल्या. भाच्याने तिथेच बजावलं, "मामा, या सगळ्या चोरीच्या समजू नका. बिल साठवताना लाइट गेली तरी क्रमांक वाया जातो." हे महत्त्वाचं आहे, नाहीतर नुसत्या आकड्यावरून आपण निरपराध माणसावर आळ घेऊ.

दुसरा पुरावा दुकानाच्या पायरीवर बसलेला होता. भांड्यांवर नावं घालणारे काका गेली कित्येक वर्षं आमच्या दारात बसतात. अक्षरावर पैसे घेतात आणि कुणाचं नाव, कुठलं भांडं, किती अक्षरं हे सगळं वहीत लिहितात. ती वही आणि आमची बिलं शेजारी ठेवली. ६१ भांडी अशी निघाली, ज्यांच्यावर आमच्या दारात नाव पडलं पण ज्यांचं बिलच नव्हतं. बहुतेक दुपारची. नाव न घालता गेलेली किती, ते कळायला मार्ग नाही.

वही समोर ठेवल्यावर काउंटरवरच्या माणसाने कबूल केलं. काही रक्कम परत मिळाली, बरीचशी नाही. पण भुर्दंड तिथे थांबला नाही. छापील बिलं गिऱ्हाइकांच्या घरी आहेत, त्यावरचा कर आमच्या नावावर. सीएंनी वहीतून सापडलेल्या विक्रीचा कर वार्षिक १८ टक्के व्याजासह डीआरसी-०३ ने, म्हणजे राहिलेला कर स्वतःहून भरायच्या फॉर्मने, भरायला लावला. चोराने नेलेल्या पैशांवर कर मी भरला.

सॉफ्टवेअर विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "नंबर तुटू नये असं दुकानदारच सांगतात." त्याचं म्हणणं खोटं नाही, आपण भोकाला घाबरतो. पण एकदा छापलेला नंबर पुन्हा वापरता येत असेल, तर त्या नंबराला अर्थच उरत नाही. नंबर बिल साठवताना पडावा, कोरं बिल उघडताना नाही, आणि पडला की तो कायमचा खर्ची. बिल चुकलं तर त्याच नंबरावर 'रद्द', कुणी केलं, किती वाजता आणि का, हे सगळं दिसलं पाहिजे. दोन काउंटर असतील तर दोन वेगळ्या मालिका ठेवा, नियमाला ते चालतं. आणि आजच एक करून बघा: डेमो कॉपीवर एक बिल करा, डिलीट करा, दुसरं करा. तोच नंबर परत आला तर विकणाऱ्याला लगेच फोन लावा.

आमच्याकडे आता डिलीटचं बटणच नाही. गेल्या महिन्यात सात बिलं रद्द दिसली, सातांचीही कारणं वाचली. त्या ताईंना नवा हंडा दिला, लेकीचं नाव काकांनी पुन्हा घातलं, आणि वहीत नावाशेजारी पहिल्यांदाच बिलाचा नंबर लिहिला. तेव्हापासून बिल दाखवल्याशिवाय ते छिन्नी उचलत नाहीत.