बोगॉन फिल्टर, आठ महिन्यांनंतर: फिल्टर बरा, यादी शिळी

बोगॉन म्हणजे इंटरनेटवर दिसूच नयेत असे पत्ते: खाजगी, किंवा अजून कुणालाच न वाटलेले. त्यांच्याकडून येणारं राउटरवर अडवतो तो बोगॉन फिल्टर. आमच्याकडे एकाच माणसाची तक्रार होती: साइट उघडत नाही. बाकी सगळ्यांकडे उघडते. डीएनएस बघितलं, सर्टिफिकेट बघितलं, त्याला ब्राउझर बदलायला लावला. बिचाऱ्याने मुकाट्याने बदललाही. दोन दिवस गेल्यावर राउटरच्या ॲक्सेस लिस्टकडे, म्हणजे कुणाला अडवायचं त्या यादीकडे, लक्ष गेलं. १८५/८ (१८५ ने सुरू होणारे सगळे पत्ते) अडवणाऱ्या ओळीचा काउंटर डोळ्यांदेखत वाढत होता. त्याचा पत्ता त्यातलाच.

हा पट्टा आयानाने (जगाचे आयपी पत्ते सांभाळणारी संस्था) फेब्रुवारी २०११ मध्येच युरोपकडचे पत्ते वाटणाऱ्या राइप एनसीसीला दिलाय, शेवटच्या पाच पट्ट्यांपैकी एक. आमच्या यादीत मात्र तो अजून बेवारस! यादी आधीच्या माणसाने चिकटवलेली, मी न वाचता नव्या राउटरवर चढवली. वापरणारे मोजके, म्हणून आठ महिने निभावलं. (६९/८ च्या बाबतीत २००२ नंतर कितीतरी नेटवर्कांनी हाच घोळ घातला होता. म्हणजे चूकसुद्धा माझी स्वतःची नाही.)

मग टीम कम्री या सुरक्षा-संस्थेची फुलबोगॉन यादी (सगळे बोगॉन, आपोआप ताजी होणारी) बीजीपीवरून, म्हणजे राउटर एकमेकांना रस्ते कळवतात त्या वाटेने, घेतली. फुकट मिळते, तरी इतके दिवस हाताने लिहिलेल्या यादीवर भागवून मी काय वाचवत होतो, देव जाणे. सेशन वर आलं, यादीतल्या पत्त्यांचे रूट नल झाले (तिकडे जाणारं पॅकेट टाकून द्यायचं), खूश झालो. दोन आठवडे काउंटर शून्य. वाटलं, वा, काय स्वच्छ ट्रॅफिक! कसलं स्वच्छ? नल रूट बघतो पॅकेट कुठे चाललंय ते. खोटा पत्ता असतो तो पाठवणाऱ्याच्या रकान्यात. यूआरपीएफ (पाठवणाऱ्याच्या पत्त्याकडे परतीचा रूट आहे का, ही तपासणी) लूज मोडमध्ये, म्हणजे कुठलाही खरा रूट चालेल अशा बेताने, चालू केलं तेव्हा कुठे आकडा हलला.

आणि सापडलं काय? बहुतेक १०/८ आणि १९२.१६८ वाले खाजगी पत्ते, कुणाच्या तरी नॅटमधून (खाजगी पत्ता बदलून बाहेर सोडणारी सोय) गळलेले. म्हणजे ज्या न वाटलेल्या पत्त्यांसाठी हे यादीचं फीड घेतलं ते जवळपास नाहीतच. आयपीव्ही४ चा साठा संपल्यावर न वाटलेले पत्ते उरलेत किती? खोटं बोलणारा आता सरळ दुसऱ्या कुणाचा तरी खरा पत्ता लावतो, आणि तो या फिल्टरला दिसत नाही. तो अडवायचा तर जिथून निघतो तिथेच. बीसीपी ३८ हा इंटरनेटवाल्यांचा शिफारस-दस्तऐवज हेच २००० पासून सांगतोय. लाज वाटून आमच्या बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकवर तो लावला. चार ओळी.

सध्या खाजगी पट्टे हाताने लिहिलेले, कारण ते बदलत नाहीत. न वाटलेले फक्त फीडवरून. आयपीव्ही६ ची यादी अजून घेतलेली नाही. ती लाख ओळींच्या वर जाते, आणि मेमरी वाढवायला मी पैसे मागणार नाही.