रोटरवे घेऊ की सफारी? इंजिन बंद पडल्यावर काय, ते आधी बघ

भाचा फ्लोरिडात, डोक्यात खूळ सेकंडहँड किट हेलिकॉप्टरचं (सुटे भाग आणून मालकाने स्वतः जोडलेलं), आणि सल्ला मागतोय वागळे इस्टेटमध्ये पंप दुरुस्त करणाऱ्या मामाला. दोन गाळून ठेवलीत त्याने, रोटरवे एक्झेक 162एफ आणि सफारी. त्याला लिहिलं तेच इथे टाकतोय.

रोटरवेचं इंजिन त्यांचं स्वतःचं, चार सिलेंडर, पाण्याने थंड होणारं, 150 हॉर्सपॉवर. इंजेक्शन आहे, कॉम्प्युटर दोन, एक गेला की दुसरा सांभाळतो, ऐकायला मस्त, पण बाबा दोघांनाही करंट लागतोच ना, आणि त्या वायरींच्या टोकांची थिंबलं दाबलीत कोणी तर आधीच्या मालकाने रविवारी गॅरेजमध्ये बसून. वर रेडिएटर, होसपाइप, गळतीच्या जागा किती ते मला विचार. शिवाय मागचा पंखा बेल्टवर. बेल्ट तुटला तर इंजिन ठणठणीत असून खाली यावं लागतं. 2021 ला यवतमाळकडे फुलसावंगीत घरी बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना तो पोरगा गेला ना, तिथेही मागचा पंखा तुटून मोठ्या पात्याला लागला होता, इंजिनचा दोष नव्हताच.

सफारीत लायकमिंग कंपनीचं इंजिन, हवेवर थंड होणारं, डिझाइन जुनाट पण स्पार्क मॅग्नेटोचा, तो इंजिनच्या फिरण्यावर स्वतःच करंट बनवतो, बॅटरी मेली तरी इंजिन चालत राहतं. रॉबिन्सन आर22 या छोट्या दोन सीटच्या हेलिकॉप्टरमध्ये याच घराण्यातलं इंजिन, त्यामुळे हात लावणारे मेकॅनिक मिळतात. खोड एकच, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो. हसू नको, बाहेर 25 डिग्री असताना पण धरतो, पेट्रोलची वाफ होताना आत गारठा होतो आणि हवा दमट, तुझ्याकडची हवा आपल्या जुलैसारखीच चिकट. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका) वेळेत ओढायची सवय नसेल तर चांगलं इंजिन पण गुदमरून बंद पडतं.

बंद पडल्यावर मात्र दोघांचं सारखंच. गायमुखच्या उतारावर पेडल थांबवलं तरी सायकलचं चाक फिरतं तसं वरची पाती खालून येणाऱ्या हवेवर फिरत राहतात, पण कलेक्टिव्ह (सगळ्या पात्यांचा कोन एकदम बदलणारा दांडा) लगेच खाली दाबलास तरच, एक-दोन सेकंद दचकून बसलास की पात्यांचा वेग पडतो आणि तो परत येत नाही. 500 फुटांवरून जमिनीपर्यंत जेमतेम वीस सेकंद. 100 फुटांवर एका जागी तरंगत असलास तर तेवढेही नाहीत, वेगही नाही, त्यामुळे फोटोसाठी तसं लटकणं बंद.

माझं मत सफारी, लॉगबुक (दुरुस्ती-देखभालीची नोंदवही) पूर्ण असेल तर. लॉगबुकची पानं गायब असतील तर दोन्ही सोड, आणि सौदा करायच्या आधी इन्स्ट्रक्टरबरोबर ऑटोरोटेशन, म्हणजे हेच बंद इंजिनावर उतरणं, शिकून घे, पैसे कमी पडले तर मी बघतो. ताईला अजून काही बोललो नाहीये.