उबुंटू स्टुडिओ २४.०४: आठ महिने आणि एक 'टक'

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर गौराईची गाणी रेकॉर्ड करायला मावशी बसल्या होत्या. तिसरं कडवं रंगात आलेलं, आणि हेडफोनात 'टक'. परत घेतलं, परत 'टक'. चौथ्या टेकला मावशींनीच हेडफोन काढून ठेवला. तो राग अजून आहे, म्हणून उबुंटू स्टुडिओवर, म्हणजे ऑडिओ-व्हिडिओच्या कामासाठी सजवलेल्या लिनक्सवर, हे लिहितोय.

सामान साधंच. जुना लॅपटॉप, ८ जीबी रॅम, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस आणि अमळनेरातली गोधड्या टांगलेली खोली. आधी एमएक्स या लिनक्सवर बेतलेलं एव्ही लिनक्स पेनड्राइव्हवर दोन दिवस पाहिलं. नाव ठेवायला जागा नाही, पण जीव रमला नाही. मग महिनाभर साधं डेबियन, तेही लिनक्सच. तिथे ऑडिओ ग्रुप, रिअलटाइम प्रायॉरिटी, मेमरी लॉक, म्हणजे आवाजाच्या कामाला आधी वाट देणाऱ्या सेटिंग, सगळं हाताने लिहीत बसलो. उबुंटू स्टुडिओत हे आयतं मिळतं, लो-लेटन्सी कर्नलसकट (कमी विलंबाच्या गाभ्यासकट). आर्डर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर त्यांच्या साइटवरून तयार घ्यायचं तर पैसे पडतात, इथे फुकटात हजर. माझ्यासारख्या चिकटाला आणखी काय पाहिजे! थ्रीडीचं ब्लेंडर आणि व्हिडिओ एडिटिंगचं केडीएनलाइव्ह मात्र कोणी मागितलं होतं? आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवण्यात तीन दिवसांचा मोबाइल डेटा गेला.

हिवाळाभर राजासारखं चाललं. आवाजाची सगळी ने-आण सांभाळणारं पाइपवायर असल्याने, जॅक (रेकॉर्डिंगसाठीची जुनी ध्वनी-व्यवस्था) सुरू केला की ब्राउझर मुका, ही जुनी कटकट नाही. सेकंदाला ४८००० फ्रेमच्या वेगावर १२८ फ्रेम, म्हणजे २.७ मिलिसेकंदांचा बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा), आणि अख्ख्या संध्याकाळीत एकही एक्सरन (तुकडा वेळेत न पोचल्याने आवाज तुटणं) नाही. सुरुवातीला १०२४ ठेवलं होतं, तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, "भाऊ, मना आवाज माले मांगेतून ऐकू येस." बरोबरच होतं. जाताना २१ मिलिसेकंद, येताना २१.

मार्चपासून 'टक' सुरू झाला. मी डिस्ट्रोलाच (लिनक्सच्या या आवृत्तीलाच) शिव्या घातल्या, फेडोरा जॅम हे संगीताचं दुसरं लिनक्स उतरवायला घेतलं. मग एका रात्री पीडब्ल्यू-टॉप (पाइपवायरचं काम दाखवणारा तक्ता) उघडून एररचा रकाना बघत बसलो. वायफाय बंद केलं तर आकडा निम्म्यावर आला. उरलेला निम्मा दुपारीच वाढायचा, सकाळी नाही. तेव्हा ट्यूब पेटली. माइकमध्ये घरघर येते म्हणून मी कूलर बंद ठेवतो, बाहेर ४३ अंश, आणि प्रोसेसर तापून स्वतःच वेग खाली आणतो. दुकानदाराने तर लॅपटॉप न उघडताच "नवीन घ्या" सांगून टाकलं होतं. मी उघडला. पंख्यात गोधडीचा कापूस होता. साफ केला, थर्मल पेस्ट बदलली. खर्च एका वडापाव पार्टीएवढा. शिव्या परत घेतल्या.

आणखी एक लाजेची गोष्ट. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे. ते दाबलं की गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता तिथूनच मिळतो. आठ महिने १२८ साठी जीव काढला, आणि गायनाला ५१२ पुरतं. १२८ लागतं ते भाचा सॉफ्टवेअरचा कीबोर्ड वाजवतो तेव्हा.

आता रेकॉर्डिंग पहाटे, वायफाय बंद. डिस्ट्रो बदलणार नाही. तिसरं कडवं मात्र राहिलंच आहे. कूलर बंद म्हटलं की मावशी म्हणतात, "पानी पडू दे, मंग येसू."