बी.कॉम.सोबत आयआयटी मद्रासचं बीएस: झेपेल का?

यूजीसीने 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिल्यापासून कॉलेजसोबत आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बीएस ही चार वर्षांची पदवी करता येते. जेईई लागत नाही, बारावीची शाखाही आड येत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास आणि परीक्षा केंद्रावरची क्वालिफायर, म्हणजे प्रवेशाची पात्रता परीक्षा, पार करावी लागते.

पूर्ण बीएसला एकूण 142 क्रेडिट (अभ्यासाचे एकक), पैकी फाउंडेशन या पहिल्या टप्प्याची 32. सोय अशी की डिप्लोमा किंवा 114 क्रेडिटवर बीएससी घेऊनही थांबता येतं. कमाल मुदत आठ वर्षं.

व्हिडिओ घरी, क्विझ आणि एंड-टर्म (टर्मच्या शेवटची परीक्षा) मात्र केंद्रावरच. गाडं अडतं ते इथे. जानेवारीत सुरू होणाऱ्या टर्मची एंड-टर्म विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षांच्या तोंडावर येते. त्या टर्मला दोनच विषय घ्या, मे टर्मला जास्त घ्या. नापास विषयाची फी पुन्हा भरावी लागते, म्हणून हावरटपणा महागात पडतो. कॉमर्सवाल्यांची दमछाक पायथॉनपेक्षा मॅथ्स-2 मधल्या लिनियर अल्जिब्रात जास्त होते. दर आठवड्याची असाइनमेंट तुंबली की संपलंच.

फीसवलतीसाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. तहसील कार्यालय टर्मची तारीख बघत नाही!