कोलंबो आणि चट्टोग्रामला (बांगलादेशातील चितगाव बंदर) माल पाठवणाऱ्यांसाठी: वाशीतील एका क्लिअरिंग सेवेविषयी

वाशीच्या घाऊक बाजारालगत कार्यालय असलेल्या या क्लिअरिंग व फॉरवर्डिंग (कस्टमची कागदपत्रे आणि माल पाठवण्याची कामे करणाऱ्या) संस्थेकडे आमच्या कांदा आणि लाल मिरचीच्या निर्यातीचे काम काही वर्षांपासून आहे. शिपिंग बिल (कस्टमकडे द्यायचे निर्यातीचे विवरण) दाखल करणे, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) मिळवणे, न्हावा शेवा बंदरात कंटेनर कट-ऑफच्या (माल स्वीकारण्याच्या अंतिम वेळेच्या) आत पोहोचवणे ही कामे नवी मुंबईत अनेकजण करतात आणि त्यांत ही संस्था इतरांहून फारशी सरस नाही. तिचे वेगळेपण माल भरण्याआधीच्या चौकशीत आहे. खरेदीदार कोण हे विचारण्याआधी त्याची बँक कोणती आणि त्या बँकेला सध्या डॉलर मिळत आहेत का, हे येथे विचारले जाते.

या चौकशीचे मोल श्रीलंकेच्या व्यवहारात कळले. त्या देशाने १२ एप्रिल २०२२ रोजी परदेशी कर्जाची परतफेड थांबवली आणि डॉलरचा भाव दोन-तीन महिन्यांत सुमारे २०० श्रीलंकी रुपयांवरून ३५० च्या वर गेला. कोलंबोतील आमचा जुना ग्राहक पैसे द्यायला तयार होता, त्याच्या खात्यात पैसेही होते. मात्र ते डॉलरमध्ये बदलून देण्याची त्याच्या बँकेची ऐपत उरली नव्हती. माणूस सचोटीचा असला तरी देश अडकला की पैसे अडकतात, ही गोष्ट गृहीत धरून संस्थेने निम्मी रक्कम आगाऊ घ्यायला आणि उरलेल्या रकमेसाठी ईसीजीसीचा (निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्ध विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा) विमा उतरवायला आधीच सांगितले होते. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने श्रीलंकेला सुमारे ३ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केल्यावर बाजारात उत्साह पसरला, तरी रोखेधारकांशी (त्या देशाचे रोखे घेऊन त्याला कर्ज देणाऱ्यांशी) थकलेल्या कर्जाची तडजोड होईपर्यंत ही अट सैल करू नका, असा सल्ला कायम राहिला. ती तडजोड पूर्ण व्हायला डिसेंबर २०२४ उजाडले.

बांगलादेशाबाबत हीच मंडळी अधिक कडक आहेत. युक्रेन युद्धानंतर इंधन आणि धान्याची आयात महागली, परकीय चलनाची गंगाजळी आटली, एलसी (खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची लेखी हमी) उघडण्यावर निर्बंध आले. तेव्हापासून तेथील एलसीला तिसऱ्या देशातील मोठ्या बँकेचे कन्फर्मेशन (पैसे देण्याची तिची स्वतःची जादा हमी) नसेल तर ही संस्था माल भरू नका असे स्पष्ट सांगते, मग तिचे स्वतःचे कमिशन बुडाले तरी चालेल. ५ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान शेख हसीना यांना देश सोडावा लागला, त्याच संध्याकाळी मिरचीचे लोडिंग थांबवण्याचा निरोप आम्हाला आला होता.

विशेष म्हणजे जोखमीच्या यादीत भारताचे नावही असते, आणि ते योग्यच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले, ८ डिसेंबरला बंदी आली, मे २०२४ मध्ये ती टनामागे ५५० डॉलर किमान दरासह उठली, आणि शुल्क पूर्णपणे हटले ते १ एप्रिल २०२५ रोजी. शेजाऱ्यांच्या अस्थिरतेवर बोलताना आपण हे सोयीस्करपणे विसरतो. कोलंबोचा व्यापारी विसरत नाही, तो तोवर पाकिस्तानी कांद्याकडे वळलेला असतो.

उणिवाही सांगायला हव्यात. बिलात ‘इतर हाताळणी’ या नावाखाली लागणाऱ्या रकमेचा तपशील मागितल्याशिवाय मिळत नाही. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने बांगलादेशी तयार कपड्यांना भूमार्गाने येण्यास मनाई करून न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरे खुली ठेवली, तेव्हापासून कपड्यांच्या आयातदारांची येथे वर्दळ वाढली आहे आणि आमच्यासारख्या लहान निर्यातदाराला फोनवर माणूस मिळायला अर्धा दिवस जातो. नेपाळचा व्यवहार मात्र यांच्याकडे देऊ नये; तो रस्त्याने बिहारच्या सीमेवरील रक्सौलमार्गे होतो आणि तेथील कस्टमची यांना फारशी माहिती नाही. यांची सेवेची फी बाजारभावापेक्षा थोडी जास्त आहे. केवळ पेटी बंदरात पोहोचवायची असेल तर स्वस्त एजंट पुष्कळ आहेत. उधारीवर माल द्यावा लागत असेल तर यांना विचारूनच द्यावा.